फुकटात रेझ्युमे: मी आधी पाणी लावून पाहिलं

माझा मागचा रेझ्युमे १४ वर्षांपूर्वीचा. वर्डमध्ये केलेला, फाइलचं नाव 'न्यू रेझ्युमे फायनल २'. त्यात छंद म्हणून 'वाचन, प्रवास, संगीत' लिहिलंय. यातला प्रवास म्हणजे घर ते लॅब आणि लॅब ते घर. मी मेडिकल लॅब टेक्निशियन आहे. आमची लॅब आता एका मोठ्या साखळीत विलीन होतेय, आणि कोणाला ठेवणार, कोणाला नारळ देणार हे कोणी धड सांगत नाही. तेव्हा म्हटलं, कागद तयार असलेला बरा.

भाची एचआरमध्ये आहे. तिला फोन केला तर म्हणाली, "मावशी, ती जुनी फाइल उघडूसुद्धा नकोस. ऑनलाइन फुकट बनतो आता. अर्ध्या तासाचं काम." त्या अर्ध्या तासाला मला तीन संध्याकाळी लागल्या. त्यात एक साइट सोडून दिली, एकीवर (ओपनरेझ्युमे नावाची) अजून खूश आहे, आणि एकदा सगळं लिहिलेलं पुसलं गेलं. तो मूर्खपणा माझाच होता.

पहिल्या साइटचं नाव घेत नाही. शोधल्यावर अगदी वर येते, आणि तिच्यासारख्या आणखी डझनभर असाव्यात. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'फ्री'. टेम्प्लेट बघून जीव हरखला. डावीकडे गडद निळा पट्टा, त्यात गोल फोटो, फोन-ईमेलच्या आधी चिमुकली चित्रं, कौशल्यांपुढे पाच-पाच ठिपके. मी मायक्रोस्कोपीला पाच ठिपके दिले, एक्सेलला तीन. मग विचार करत बसले की एक्सेलचे तीन ठिपके म्हणजे नक्की काय? कुठल्या एककात? संदर्भ मर्यादा किती? आमच्याकडे आकड्यापुढे युनिट नसेल तर रिपोर्टवर सही होत नाही. तरी भरले ठिपके. दिसायला छान दिसत होते.

'प्रोफाइल'च्या चौकटीत एक बटण होतं, दाबलं की एआय तुमच्याबद्दल चार ओळी लिहून देतं. माझ्याबद्दल त्याने लिहिलं: डायनॅमिक, रिझल्ट-ओरिएंटेड प्रोफेशनल. अहो, लॅबमध्ये रिझल्ट-ओरिएंटेड नसलेला माणूस दिवसभर करतो तरी काय? अनुभवाखाली त्याने आणखी एक ओळ सुचवली, 'चुकांचं प्रमाण ३०% ने कमी केलं'. हे ३० कुठून आणलं, देव जाणे. मी ते कधी मोजलेलं नाही, आणि जे मोजलं नाही ते मी रिपोर्टवर लिहीत नाही. ओळ काढून टाकली तर कोपऱ्यातला गुणांचा आकडा खाली घसरला.

हो, गुण. उजव्या कोपऱ्यात एक गोल फिरत असतो आणि तुमच्या रेझ्युमेला शंभरपैकी मार्क देतो. माझा ६२, पिवळ्या रंगात. खाली सूचना: आणखी आकडे घाला, आणखी क्रियापदं घाला.

आता जरा आमच्या कामातलं सांगते. रक्तपेशी मोजणारं मशीन सकाळी सुरू केलं की ते आधी नुसतं डायल्युएंट, म्हणजे रक्त पातळ करायचं द्रावण, ओढतं आणि त्यात पेशी मोजतं. याला बॅकग्राउंड काउंट म्हणतात. उत्तर शून्याच्या आसपास यायला हवं. रक्तच नाही तर पेशी येतील कुठून? आणि तरीही मशीनने मोठा आकडा दाखवला, तर त्या दिवशी त्याच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, आधी धुऊन काढायचं. ही सवय अंगात इतकी मुरलीय की त्या गोलालाही मी पाणी लावून पाहिलं. अनुभवात एक नवी नोकरी भरली: 'वरिष्ठ ढग व्यवस्थापक. १२ ढगांच्या टीमचं नेतृत्व केलं. पावसात ४०% वाढ साधली. ३ पुरस्कार मिळवले.' गुण ६२ चे ७४ झाले आणि गोल हिरवा.

बॅकग्राउंड काउंट फेल. पुढे मी त्या गोलाकडे पाहिलंच नाही.

ढग काढले, बाकीचं नीट केलं आणि डाउनलोड दाबलं. पीडीएफ मिळाली, तळाशी साइटचं नाव छापलेलं. चालेल म्हटलं, फुकट आहे. मग वाचताना दिसलं की 'हेमॅटोलॉजी'च्या (रक्ताच्या तपासण्यांची शाखा, माझा विभाग) इंग्रजी स्पेलिंगमध्ये माझ्याकडून एक अक्षर राहिलंय. लॅबवालीने हेमॅटोलॉजी चुकवायचं म्हणजे फारच झालं. दुरुस्त करून पुन्हा डाउनलोड दाबलं तर पैशांचं पान. पहिली प्रत फुकट, दुसरीपासून सदस्य व्हा. किरकोळ रकमेत १४ दिवसांची ट्रायल. त्याखाली राखाडी, बारीक अक्षरांत लिहिलेलं की ट्रायल संपल्यावर रद्द केलं नाही तर पूर्ण वर्गणी आपोआप कापली जाईल आणि कापली जात राहील. ही ओळ मला भाचीने व्हिडिओ कॉलवर दाखवली, नाहीतर मी कार्ड हातात घेऊनच बसले होते. चुकलेलं स्पेलिंग सुधारायला पैसे मागणारं दुकान मी तरी पहिल्यांदा पाहिलं.

भाची म्हणाली, "जाऊ दे, ती टेम्प्लेट तशीही कामाची नाही. पीडीएफ उघड. कंट्रोल-ए, कंट्रोल-सी. आता नोटपॅडमध्ये पेस्ट कर."

केलं. इंग्रजीत जे पडलं ते इथे मराठीत मांडते, क्रम तोच:

'सीनियर टेक्निशियन मराठी हेमॅटोलॉजी विभाग हिंदी २०१६ ते इंग्रजी आजपर्यंत एक्सेल बायोकेमिस्ट्री मायक्रोस्कोपी'

दोन रकाने एकमेकांत विणले गेले होते. डावीकडची भाषांची यादी उजवीकडच्या नोकरीत घुसलेली. फोनच्या चित्राच्या जागी एक रिकामा चौकोन. मी इतका विचार करून भरलेले पाच ठिपके तर आलेच नाहीत, कारण ती अक्षरं नव्हतीच, चित्रं होती. आणि 'सर्टिफाइड' या इंग्रजी शब्दातली एफ आणि आय ही जोडी गायब. काही फाँटमध्ये ती दोन अक्षरं जोडून एकच आकृती करतात, आपल्या जोडाक्षरासारखी, आणि फाइल नीट बनलेली नसेल तर कॉपी करताना ती आकृती गळून पडते. म्हणजे डोळ्यांना मी सर्टिफाइड होते, मशीनला नव्हते.

मला हे लगेच पटलं, कारण आमच्याकडे रोज हेच होतं. जांभळ्या झाकणाची ट्यूब बाहेरून अगदी व्यवस्थित दिसते, लेबल सरळ, रक्त पुरेसं. आत बारीकशी गुठळी असते. मशीन ती गुठळी ओढतं आणि प्लेटलेट कमी दाखवतं, नाहीतर अडकून बसतं.

या गोंधळात पीडीएफचा तसा दोष नाही. १९९३ साली अडोबीने ती आणली तेव्हा हेतू हा की कागद कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही प्रिंटरवर सारखाच दिसावा. कुठलं अक्षर पानावर कुठे बसवायचं हे तिला पक्कं ठाऊक असतं. कुठल्यानंतर कुठलं वाचायचं, हे बनवणाऱ्याने सांगितलं तरच तिला कळतं. सुंदर टेम्प्लेटवाले बहुतेक ते सांगायचं विसरतात.

मग भाचीने ते एटीएसचं भूतही जरा उतरवलं. एटीएस म्हणजे ॲप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम, कंपन्या आलेले अर्ज ज्यात साठवतात ते सॉफ्टवेअर. रेझ्युमे बनवून देणाऱ्या साइट हे नाव अशा सुरात घेतात की जणू आत कोणी यंत्रमानव लाल शाई घेऊन बसलाय. ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे ती एक मोठी यादी असते, आणि वर शोधायची चौकट. मी 'हेमॅटोलॉजी' टाकते, ज्यांच्या मजकुरात तो शब्द आहे ते वर येतात. मग क्लिक केलं की तुझी मूळ पीडीएफ जशीच्या तशी दिसते. ती मीच वाचते." आपोआप बाद होणारे बहुतेक जण अर्जातल्या हो-नाही प्रश्नांवर होतात, परवाना आहे का, रात्रपाळी चालेल का, असे. म्हणजे मशीनला शब्द सापडले पाहिजेत आणि नंतर माणसाला ते वाचता आलं पाहिजे, एवढंच. प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं असणार, पण ही दोन कामं सगळीकडे आलीच.

दुसऱ्या संध्याकाळी तिने ओपनरेझ्युमेची लिंक पाठवली. पुढचं सगळं त्याबद्दल.

उघडलं तर इतकं साधं की आधी विरस झाला. खातं नाही, ईमेल नाही, पासवर्ड नाही. डावीकडे फॉर्म, उजवीकडे पान. डावीकडे टाइप करावं तसं उजवीकडे उमटतं. एकच रकाना, वर एक रंगीत पट्टी, बस. फोटोला जागाच नाही, आणि मला त्याचं बरंच वाटलं. फाँट आणि त्याचा आकार बदलता येतो, पट्टीचा रंग बदलता येतो, विभाग बाणांनी वरखाली सरकवता येतात, नको तो लपवता येतो, मथळ्यांची नावं बदलता येतात. मी 'प्रोजेक्ट्स'चं नाव बदलून तिथे 'गुणवत्ता नियंत्रण' केलं, कारण माझ्याकडे प्रोजेक्ट नाहीत, कंट्रोल चार्ट आहेत. (कंट्रोल म्हणजे आधीच ठाऊक असलेल्या किमतीचं सॅम्पल, ते मशीनला लावून आकडा मर्यादेत येतो का हे चार्टवर टिपायचं.) गुण देणारा गोल कुठेही नाही. कौशल्यांत ठिपक्यांची सोय इथेही आहे, पण ती ऐच्छिक. मी रिकामी ठेवली. एकदा पोळल्यावर कोण हात घालणार.

हा प्रकल्प ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही बघता येतो. मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही. पण मला आवडलेली गोष्ट वेगळी: भरलेली माहिती त्यांच्या सर्व्हरवर जात नाही, आपल्याच ब्राउझरमध्ये राहते. रेझ्युमे म्हणजे फोन नंबर, गाव, कुठून कुठपर्यंत कुठे नोकरी केली, सगळं एका पानावर. चोराला याहून सोयीचा कागद दुसरा नाही. मी खात्री करायला पान उघडल्यावर वाय-फाय बंद केलं आणि टाइप करत राहिले. उजवीकडचं पान बदलत राहिलं.

आता माझा मूर्खपणा. मी कामाला बसले होते लॅबमधल्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत आणि मग शिफ्ट संपल्यावर. कोणाला दिसायला नको म्हणून इन्कॉग्निटो खिडकी उघडली. दीड तास लिहिलं. सगळं छान जमलं. मग सुपरवायझर सर मागून येताना दिसले आणि मी झटकन खिडकी बंद केली. इन्कॉग्निटोचं कामच हे की खिडकी बंद झाली की आतलं सगळं पुसायचं. ब्राउझरने आपली जबाबदारी चोख पार पाडली. सर नुसते स्टेपलर मागायला आले होते.

तेव्हा वापरणार असाल तर आपल्याच मशीनवर, साध्या खिडकीत, आणि उठण्याआधी पीडीएफ उतरवून ठेवा. तीच पीडीएफ पुढच्या वेळी आत घेऊन तिथून पुढे काम करता येतं, ही सोय आहे. ब्राउझरचा साठा साफ करायची सवय असेल तर हे अजूनच महत्त्वाचं. मी आता प्रत्येक प्रत स्वतःलाच मेल करते.

दुसऱ्यांदा लिहायला बसले ती घरी, भाची व्हिडिओ कॉलवर. पुसलं गेलं ते एका अर्थी बरंच झालं, कारण आधी लिहिलेलं भिकार होतं. कामाच्या अनुभवाखाली मी मुद्दे असे टाकले होते: सॅम्पल तपासणीची जबाबदारी सांभाळली. रिपोर्ट तयार केले. मशीनची देखभाल केली. भाचीने वाचलं आणि म्हणाली, "मावशी, लॅबमधली बाई सॅम्पल तपासते हे मला माहीत आहे. तू काय करतेस?"

"तेच."

"काल काय केलंस?"

काल एक सॅम्पल आलं होतं, पोटॅशियम ११.२. एवढं पोटॅशियम असलेल्या माणसाची अवस्था वाईट असायला हवी. हा माणूस वॉर्डात बसून पेपर वाचत होता, हे मला नंतर कळलं. पण त्याच सॅम्पलमध्ये कॅल्शियम अगदी तळाला गेलं होतं. पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम पाताळात, ही जोडी दिसली की आम्ही आधी ट्यूबकडे बघतो. जांभळ्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, पोटॅशियमचा क्षार. ते कॅल्शियमला बांधून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. कोणीतरी रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्या ट्यूबमधलं थोडं दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं होतं. मी रिपोर्ट थांबवला, वॉर्डला फोन केला, नवीन सॅम्पल मागवलं. ४.३ आलं.

हे मी तिला सांगितलं, आणि पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "हे कुठे लिहिलंयस?"

"हे काय लिहायचं? येतंच की सगळ्यांना."

"मला नाही येत."

मग तो मुद्दा असा झाला: 'विसंगत निकाल रिपोर्ट जाण्याआधी ओळखणे, उदाहरणार्थ ईडीटीए मिसळल्याने वाढलेलं पोटॅशियम, वॉर्डशी बोलून फेरसॅम्पल मागवणे.' दुसरा: 'दर शिफ्टला सुमारे १८० सॅम्पल, रोज दोन पातळ्यांचे कंट्रोल लावून लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर नोंद.' १८० हा आकडा मी रजिस्टरमधून मोजून काढला, मागच्या महिन्याचे सगळे दिवस धरून. आकडे घाला म्हणणाऱ्या गोलाचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. फक्त ते आकडे ढगांचे आहेत की रक्ताचे, हे त्याला कळत नव्हतं.

हे काम कुठल्याही टूलने केलेलं नाही, हे कबूल. टूलने एवढंच केलं की समोर रिकामी चौकट ठेवली आणि मध्ये बडबड केली नाही. ही त्याची मोठीच गोष्ट म्हणायची.

आणखी एक बारीक मजा. मी एकाच लॅबमध्ये आधी ज्युनियर होते, नंतर सीनियर. दोन नोंदी केल्या, दोन्हींत लॅबचं नाव भरलं. ओपनरेझ्युमे लागोपाठच्या दोन नोंदींत नाव तेच असेल तर दुसऱ्यांदा छापत नाही, पहिल्याच नावाखाली दोन्ही पदं येतात, बढती झाली हे दिसतं. माझ्या पानावर मात्र नाव दोनदा छापून येत होतं. बराच वेळ टूलला बोल लावले. मग दिसलं, मी एकदा 'लॅब' लिहिलं होतं आणि एकदा 'लॅबोरेटरी'. आमच्याकडे याच चुकीने एका पेशंटचे दोन पेशंट होतात आणि जुना रिपोर्ट सापडत नाही. दोन्हीकडे एकच स्पेलिंग केलं, नाव एकदाच आलं.

त्याच साइटवर एक पार्सर आहे, आणि माझ्या मते साइटवरची सर्वांत उपयोगी गोष्ट तीच. कुठलीही रेझ्युमेची पीडीएफ त्यात टाका, ते वाचून दाखवतं की मशीनला काय सापडलं: नाव हे, ईमेल हा, फोन हा, नोकरी ही, तारीख ही. साफ तक्ता. तो इंग्रजी आणि एकाच रकान्याच्या रेझ्युमेसाठी बनवलेला आहे, हे तिथे लिहिलेलंच आहे, तेव्हा त्याने मराठी वाचावं अशी अपेक्षा धरू नये. मी आधी त्या निळ्या पट्ट्याची पीडीएफ टाकली. दोन रकान्यांची, म्हणजे परीक्षा त्याच्या अभ्यासक्रमाबाहेरची, पण कुतूहल. नावाच्या जागी दुसरंच काही आणि शिक्षण रिकामं. मग नवी टाकली. प्रत्येक गोष्ट जागच्या जागी. कंट्रोल मर्यादेत आला की होतो तसा आनंद झाला. हा आनंद कोणाला समजावून सांगता येत नाही.

आकाराचं एक सांगून टाकते. पानाचा आकार निवडायची सोय आहे, ए-फोर आणि लेटर. ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर, लेटर जरा रुंद आणि जवळपास १८ मिलिमीटरने आखूड. तुमच्या प्रिंटरमध्ये ए-फोर कागद आणि फाइल लेटरची असेल तर समास विचित्र पडतात, उलट असेल तर तळ कापला जातो किंवा सगळं आक्रसतं. उतरवण्याआधी एकदा बघा, एवढंच.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात, कारण थोडंच वापरलं. रिॲक्टिव्ह रेझ्युमे हेही फुकट आणि ओपन सोर्स. खातं उघडावं लागतं. टेम्प्लेट पुष्कळ, आणि त्यांची नावं पोकेमॉनची आहेत: पिकाचू, ओनिक्स, गेंगार. पन्नाशीकडे झुकलेली बाई 'मी पिकाचूत बनवलाय' असं कोणाला सांगणार? पण त्यात सगळी माहिती जेसन फाइल (प्रोग्रॅमला परत वाचता येणारी साध्या मजकुराची फाइल) म्हणून उतरवून ठेवता येते आणि पुन्हा चढवता येते, हे मला फार आवडलं. ज्यांना दर नोकरीसाठी वेगळी प्रत करायची आहे त्यांनी ते बघावं. युरोपात अर्ज करणाऱ्यांसाठी युरोपियन कमिशनचं युरोपास आहे, २००५ पासूनचं, २०२० मध्ये नव्याने बांधलेलं. फुकट, पण फॉर्म लांबलचक. मला युरोपात जायचं नाही, मी अर्ध्यावर सोडलं.

मराठीत रेझ्युमे हवा असेल तर यातल्या कशाच्याही नादी न लागता गूगल डॉक्समध्ये साधा दस्तऐवज करा, असं मी सांगेन. मी हौसेने एक मराठी प्रत करून पाहिली, वेगळ्याच एका प्रोग्रॅममध्ये. पीडीएफ दिसायला सुबक. नोटपॅडमध्ये पेस्ट केली तर 'शिक्षण'ची पहिली वेलांटी सुटून पुढे उभी राहिली होती आणि 'श' एकटा मागे. पहिली वेलांटी लिहायला आधी, उच्चाराला नंतर, त्यामुळे पीडीएफ करताना ती बऱ्याचदा मार खाते. 'प्रशिक्षण'चं तर विचारूच नका. मराठी प्रत पाठवायचीच असेल आणि समोरचा नाही म्हणत नसेल तर वर्डची फाइल पाठवावी, तिच्यात अक्षरं शाबूत राहतात.

ओपनरेझ्युमेला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो ब्राउझरमधला साठा किती नाजूक आहे हे न समजणाऱ्या माझ्यासारखीसाठी, म्हणजे खरं तर माझाच कापायला हवा. रेझ्युमे आता एक पान आहे. छंद काढले. फाइलच्या नावात माझं नाव आणि पद, 'फायनल २' नाही. दोन ठिकाणी पाठवला. एका ठिकाणाहून फोन आला आणि पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न ईडीटीएबद्दल विचारला. आम्ही दहा मिनिटं नुसतं चुकीच्या ट्यूबांबद्दल बोललो. पुढचं पुढे.

परवा भाचीचा मेल आला. तीही नोकरी बदलतेय म्हणे, आणि 'मावशी, जरा बघून सांग' म्हणत तिने आपला रेझ्युमे जोडला होता. उघडला. डावीकडे हिरवा पट्टा, गोल फोटो, नेतृत्वगुणाला पाच ठिपके. मी तो नोटपॅडमध्ये टाकला, जे पडलं ते तसंच तिला पाठवलं आणि वर लिहिलं: सॅम्पल रिजेक्टेड. कारण: गुठळी. कृपया नवीन पाठवणे.